थंड्याचा हिशेब

(उन्हाळ्यात, लग्नसमारंभात, क्रिकेटचा सामना बघताना आपण शीतपेये पितो. ती कशी तयार होतात, त्यांत साखर किती असते, 'डाएट' पेय म्हणजे काय आणि या सगळ्याचे आपण किती पैसे मोजतो, ते या पाठात सांगितले आहे. पाठ वाचताना वही-पेन्सिल जवळ ठेवा. काही हिशेब तुम्हांलाच करायचे आहेत.)

मुलांनो, तुम्ही मालेगावात राहत असा, भिवंडीत राहत असा किंवा अकोल्यात, तुमच्या मोहल्ल्यातल्या दुकानात काचेच्या दाराचे एक उंच कपाट तुम्ही नक्कीच पाहिले असेल. त्यात काळ्या, नारिंगी, हिरव्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. पाठ्यपुस्तकात या पेयांना 'शीतपेय' म्हणतात. बाजारात मात्र हा शब्द कोणी वापरत नाही. "चाचा, एक थंडा द्या," एवढे म्हटले की काम होते.

आधी दोन शब्दांची गंमत पाहू. मराठीत 'सरबत' म्हणतात, उर्दूत 'शरबत'. हा शब्द अरबी भाषेतला. 'पिणे' या अर्थाच्या धातूपासून तो तयार झाला. 'साखर' या शब्दाचा प्रवास उलट दिशेने झाला. संस्कृतातली 'शर्करा' इराणात गेली आणि 'शकर' झाली, अरबस्तानात गेली आणि 'सुक्कर' झाली. म्हणजे तुमची शक्कर आणि आमची साखर या सख्ख्या बहिणी आहेत. या पाठात त्यांची भेट वारंवार होणार आहे.

आता बाटलीकडे वळू. बाटली उघडताच फस्सकन आवाज येतो आणि बुडबुडे वर येतात. हे बुडबुडे कार्बन डायऑक्साइड वायूचे असतात. जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७६७ साली हा वायू पाण्यात विरघळवून पाहिला. लीड्स गावात त्याच्या घराशेजारी मद्य गाळण्याचा कारखाना होता. तिथल्या पिंपांतून हा वायू सतत बाहेर पडत असे. प्रीस्टलीने पिंपावर पाण्याचे भांडे धरले. वायू पाण्यात मिसळला आणि पाण्याला किंचित आंबट, जिभेला चुणचुणणारी चव आली. हेच आजचे सोडावॉटर. त्यात साखर नव्हती, रंग नव्हता, सुगंधही नव्हता.

पाण्यात वायू कोंबणे सोपे, तो कोंडून ठेवणे अवघड. यावर हायरम कॉड नावाच्या इंग्रज कारागिराने १८७२ साली तोड काढली. त्याने बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी बसवली. आतला वायू गोटीला वर ढकलतो, गोटी रबराच्या कड्याला घट्ट बसते आणि बाटली आपोआप बंद होते. वायूलाच त्याच्या कोठडीचा पहारेकरी केले! आपल्याकडचा गोटीसोडा तो हाच. पुढे मुंबई-पुण्यात पारशी मंडळींनी सोड्याचे आणि रास्पबेरीचे कारखाने काढले. मुंबईची ड्यूक कंपनी १८८९ साली सुरू झाली. १९९४ साली ती पेप्सी कंपनीने विकत घेतली. कोका-कोला कंपनी १९७७ साली भारत सोडून गेली होती, ती १९९३ साली परत आली. त्याच वर्षी तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही देशी नावे पार्ले कंपनीकडून विकत घेतली. जुने गोटीसोडेवाले मागे पडत गेले. एखाद्या रस्त्यावर अजून गाडी दिसते, तेव्हा थांबून गोटीचा आवाज ऐकण्यासारखा असतो.

आता हिशेबाला बसू. कोला जातीच्या साध्या पेयात दर १०० मिलिलीटरला साधारणपणे साडेदहा ग्रॅम साखर असते. लहान बाटली २५० मिलिलीटरची धरा. म्हणजे साखर झाली सुमारे २६ ग्रॅम. चहाच्या एका सपाट चमच्यात ४ ग्रॅम साखर मावते. २६ ला ४ ने भागा. उत्तर साडेसहा येईल. तुमच्या अम्मीने चहाच्या एका पेल्यात साडेसहा चमचे साखर घातली, तर तुम्ही तो चहा पिऊ शकाल का? पहिल्या घोटालाच तोंड वाकडे कराल. मग थंडा कसा पिता? कारण तो बर्फासारखा गार असतो, गारव्याने जिभेला गोडी कमी लागते. शिवाय त्यातले आम्ल आणि वायू गोडी झाकून टाकतात. खात्री करायची असेल, तर उरलेला थंडा रात्रभर उघडा ठेवा आणि सकाळी चाखून पाहा. वायू उडून गेलेला, गारवा संपलेला. उरतो तो निव्वळ साखरेचा पाक.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबाबत मार्गदर्शन केले. दिवसाच्या अन्नातून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्या दहा टक्क्यांहून कमी ऊर्जा वरून घातलेल्या साखरेतून यावी, आणि पाच टक्क्यांहून कमी आली तर अधिक चांगले, असे संघटना म्हणते. मोठ्या माणसाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. एका लहान बाटलीतच ही साखर संपते. दिवसभरातला चहा, बिस्किटे, शीरखुर्मा, जिलेबी यांना मग जागाच उरत नाही.

बाटलीच्या पाठीवर बारीक अक्षरांचा एक तक्ता असतो. तो वाचताना एक सावधगिरी बाळगा. त्यातले आकडे बहुधा १०० मिलिलीटरचे असतात, अख्ख्या बाटलीचे नसतात. ६०० मिलिलीटरची बाटली एकट्याने संपवणारा मुलगा त्या आकड्याच्या सहापट साखर पितो, म्हणजे साठ ग्रॅमहून जास्त. आणि ज्यांत बुडबुडे नसतात ती आंब्याची पेये साधी-सरळ असतात, असे मुळीच समजू नका. त्यांत कधी कोल्याहूनही जास्त साखर निघते.

ही साखर शरीरात गेल्यावर काय होते? एक ग्रॅम साखर सुमारे ४ कॅलरी ऊर्जा देते. एका लहान बाटलीतून शंभराहून थोड्या अधिक कॅलरी मिळतात, म्हणजे जवळजवळ एका चपातीएवढ्या. पण चपाती खाल्ली की पोट भरल्यासारखे वाटते. थंडा प्याल्यावर तसे वाटत नाही, आपण जेवण नेहमीएवढेच जेवतो. ती ऊर्जा जास्तीची ठरते आणि चरबीच्या रूपाने साठत जाते. रोज असे घडले, तर वजन वाढते. वाढलेल्या वजनाबरोबर मधुमेहाचा धोकाही वाढतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली देशव्यापी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे भारतात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. सगळ्यांना तो थंड्यामुळे झाला, असे कोणी म्हणणार नाही. आनुवंशिकता, बैठे काम, खाणेपिणे अशी त्याची कारणे अनेक आहेत. पण आपल्या हातात असलेल्या थोड्या गोष्टींत थंडा येतो.

दातांची गोष्ट वेगळी आहे. कोल्यात फॉस्फरिक आम्ल असते, लिंबाच्या चवीच्या पेयांत सायट्रिक आम्ल असते. दातांवरचे पांढरे कठीण आवरण, ज्याला एनॅमल म्हणतात, ते आम्लात विरघळू लागते. त्यात तोंडातले जंतू साखर खाऊन आणखी आम्ल तयार करतात. एकदा झिजलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. एक बाटली तासभर घोट घोट पिणारा मुलगा आपले दात तासभर आम्लात भिजवत ठेवतो. त्यापेक्षा पटकन पिऊन साध्या पाण्याने चूळ भरणारा बरा.

बिर्याणीबरोबर थंडा हवाच, नाहीतर ती पचत नाही, असे दस्तरखानावर नेहमी ऐकू येते. पचनाशी याचा संबंध फार थोडा. थंड्यातला वायू पोटातून परत वर येतो आणि ढेकर निघते. आपल्याला वाटते, बिर्याणी जिरली! बिर्याणी होती तिथेच असते.

मग काही लोक म्हणतात, "साखर नको ना? डाएट घ्या." हे डाएट पेय काय आहे, ते नीट समजून घेऊ. साखरेवाचून गोडी आणणारे पदार्थ रसायनशास्त्रज्ञांना जवळजवळ दीडशे वर्षांपासून माहीत आहेत. सॅकरिनचा शोध अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत १८७९ साली लागला. ऍस्पार्टेमचा शोध १९६५ सालचा. ऍस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असते. ३०० मिलिलीटरच्या डब्यात ३२ ग्रॅम साखर लागते असे धरा. ३२ ला २०० ने भागा. उत्तर येईल ०.१६ ग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही! म्हणून अशा पेयात कॅलरी जवळजवळ नसतात.

पहिले डाएट पेय कोणासाठी निघाले होते, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. अमेरिकेत ब्रुकलिन येथे १९५२ साली 'नो-कॅल' नावाचे पेय तयार झाले, ते रुग्णालयातल्या मधुमेही रुग्णांना चालावे म्हणून. सडपातळ दिसण्यासाठी ते प्यावे, अशा जाहिराती नंतर आल्या. डाएट कोक बाजारात आला तो १९८२ साली.

मग डाएट पेय चांगले की वाईट? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, आणि जे देतात त्यांच्यावर पटकन विश्वास ठेवू नका. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर दोनदा मत दिले. मे महिन्यात ती म्हणाली, की वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशा गोड पदार्थांवर भिस्त ठेवू नये, दीर्घकाळात त्यांचा फायदा दिसत नाही. हा सल्ला ज्यांना आधीपासून मधुमेह आहे, त्यांच्यासाठी नव्हता. जुलै महिन्यात तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऍस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकले. वर्तमानपत्रांत मोठमोठे मथळे आले. पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने सांगितले, की रोजची जुनी मर्यादा बदलण्याइतका पुरावा नाही. ही मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम अशी आहे. ७० किलो वजनाच्या माणसाने दिवसाला ९ ते १४ डबे प्यायले, तरच ती ओलांडली जाईल. म्हणजे एका डब्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण ते रोज प्यावे असाही याचा अर्थ होत नाही. डाएट पेय आम्लयुक्तच असते, दातांना त्यातून सुटका नाही. कॅफिनही त्यात कमी नसते. अमेरिकेतल्या ३५५ मिलिलीटरच्या डब्यांत साध्या कोकमध्ये ३४ मिलिग्रॅम आणि डाएट कोकमध्ये ४६ मिलिग्रॅम कॅफिन असते. रात्री अभ्यासाला बसण्यापूर्वी डबा पिणाऱ्यांना झोप का येत नाही, ते यावरून कळेल. फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक दुर्मीळ जन्मजात आजार आहे. तो असणाऱ्यांनी ऍस्पार्टेम घेऊ नये, अशी सूचना डब्यावर असते. डबा हाती आला तर ती शोधून वाचा.

आता एक गोष्ट लक्ष देऊन वाचा, कारण घरात तिचा उपयोग केव्हा होईल ते सांगता येत नाही. समजा, तुमच्या दादींना मधुमेह आहे आणि त्या इन्सुलिन किंवा गोळ्या घेतात. घरी पाहुणे आले. सर्वांच्या पेल्यांत थंडा ओतला गेला. दादींना साध्या थंड्याऐवजी पाणी द्या, ताक द्या, फारच हौस असेल तर थोडे डाएट पेय द्या. साध्या थंड्यातली साखर रक्तात फार लवकर चढते. पण दुसऱ्या दिवशी याच्या उलट घडू शकते. औषध घेतले, जेवायला उशीर झाला आणि दादींना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, त्या असंबद्ध बोलू लागल्या. हे रक्तातली साखर उतरल्याचे लक्षण असू शकते. अशा वेळी साखर लगेच पोटात जायला हवी. सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. घरात साधा थंडा असेल, तर अर्धा पेला, दीडशे मिलिलीटर पुरे. इथे डाएट पेय काहीच कामाचे नाही. त्यात साखरच नाही, तर रक्तात येणार कुठून? घाईत दोन डब्यांतला फरक न पाहणाऱ्याची मोठी फसगत होऊ शकते. माणूस बेशुद्ध असेल, तर मात्र तोंडात काहीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. ताबडतोब डॉक्टरांकडे न्या.

राहिला पैशांचा प्रश्न. समजा, तुमच्या वर्गातला एखादा सलीम मधल्या सुट्टीत रोज २० रुपयांची लहान बाटली घेतो. महिन्यात शाळेचे दिवस २६ धरा. खर्च ५२० रुपये. शाळेचे दहा महिने धरले, तर ५,२०० रुपये. यंत्रमागावर काम करणाऱ्या सलीमच्या अब्बांना एवढे पैसे मिळवायला किती दिवस माग चालवावा लागतो, हे सलीमला घरी विचारता येईल. दहा महिन्यांत त्याच्या पोटात थंड्यातून जवळजवळ ७ किलो साखर गेलेली असते. साखर ४५ रुपये किलो धरली, तर एका बाटलीतल्या साखरेची किंमत सव्वा रुपयाच्या आसपास भरते. बाकीचे पैसे बाटली, वाहतूक, जाहिरात, दुकानदाराचे कमिशन, कंपनीचा नफा आणि कर यांत जातात. जाहिरातीतला क्रिकेटपटू फुकट हसत नाही.

कर काही थोडाथोडका नाही. सप्टेंबर २०२५ पासून अशा पेयांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. त्याआधीही २८ टक्के कर आणि १२ टक्के उपकर मिळून बेरीज तेवढीच होत होती. ४० रुपयांचा डबा घेतला, तर त्यात २८ रुपये ५७ पैसे डब्याचे आणि ११ रुपये ४३ पैसे कराचे असतात. ताळा करून पाहा. आपल्याकडे साखरेच्या पेयाला आणि डाएट पेयाला कराचा दर एकच आहे. इंग्लंडमध्ये तसे नाही. तिथे २०१८ पासून कर साखरेच्या प्रमाणावर लागतो. ठरावीक मर्यादेहून साखर कमी असेल, तर कर नाही. परिणाम असा झाला, की कर वाचवण्यासाठी पुष्कळ कंपन्यांनी पेयांतली साखरच कमी केली. मेक्सिकोत २०१४ साली एका लिटरमागे एक पेसो कर बसला आणि अशा पेयांचा खप घटला. माझ्या मते इंग्लंडची पद्धत अधिक शहाणपणाची आहे. तुमचे मत वेगळे असू शकते, वर्गात त्यावर वाद घाला.

थंडा पिणाऱ्यांची एक बाजू मात्र ऐकून घ्यायला हवी. ते म्हणतात, "प्रवासात नळाचे पाणी कसे असेल सांगता येत नाही, सीलबंद बाटली तरी बरी." यात तथ्य आहे. दूषित पाण्याने आणि रस्त्यावरच्या बर्फाने कावीळ, हगवण होते, ती काही थंड्याने होत नाही. पण सीलबंद म्हणजे निर्मळच, असेही नाही. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने बारा शीतपेये तपासली आणि त्यांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले. कंपन्यांनी ते नाकारले. संसदेने शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त समिती नेमली. फेब्रुवारी २००४ मध्ये समितीने केंद्राचे निष्कर्ष बरोबर असल्याचे सांगितले. ते अंश आले होते पाण्यातून आणि पाण्यात गेले होते शेतांतून. प्रवासाला घरून उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली नेली, तर या वादात पडावेच लागत नाही, आणि तिला पैसेही लागत नाहीत.

शाळेच्या दाराशी थंडा मिळू नये, असा नियमही आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून अशी पेये हद्दपार करण्याचा आदेश काढला. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तुमच्या शाळेच्या फाटकापासून पहिले दुकान किती मीटरवर आहे, ते पावलांनी मोजून पाहा.

आणि तहान? तहानेला पाणीच लागते. चवीला काही हवे असेल, तर एका पेल्यात अर्धे लिंबू पिळा, दोन चमचे साखर आणि चिमूटभर मीठ घाला, वरून भिजवलेला सब्जा टाका. साखर झाली ८ ग्रॅम, बाटलीतल्या साखरेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. खर्च होईल चार-पाच रुपये. बुडबुडे हवेच असतील, तर पाण्याऐवजी साधा सोडा घाला. गुलाबी सरबत करताना मात्र हात आवरता ठेवा. बाटलीतला तो दाट अर्क म्हणजे बहुतेक साखरच असते. इफ्तारच्या वेळी भांडे भरून केलेल्या सरबतात तो किती ओतला जातो, ते यंदा चमच्याने मोजा.

शब्दार्थ

तोड काढणे – उपाय शोधणे. पहारेकरी – राखण करणारा. निव्वळ – केवळ. भिस्त ठेवणे – विसंबून राहणे. मथळा – बातमीचे शीर्षक. दुर्मीळ – क्वचित आढळणारा. असंबद्ध – अर्थ न लागणारे. फसगत – फसवणूक. तथ्य – खरेपणा. अंश – बारीक भाग. हद्दपार करणे – बाहेर काढणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) प्रीस्टलीला कार्बन डायऑक्साइड वायू कोठे मिळाला?
(आ) गोटीसोड्याची बाटली आपोआप कशी बंद होते?
(इ) 'नो-कॅल' हे पेय कोणासाठी तयार झाले?

२. कारणे लिहा.
(अ) थंड्यातली गोडी जिभेला कमी जाणवते.
(आ) रक्तातली साखर उतरली असता डाएट पेय उपयोगी पडत नाही.
(इ) इंग्लंडमध्ये कंपन्यांनी पेयांतली साखर कमी केली.

३. हिशेब करा. एका पेयात १०० मिलिलीटरला १२ ग्रॅम साखर आहे. ६०० मिलिलीटरच्या बाटलीत साखरेचे किती चमचे होतील?

४. 'तहान', 'घोट', 'ताळा', 'चिमूटभर' या शब्दांना उर्दू शब्द शोधा व प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.

५. घरातील कोणत्याही तीन पेयांच्या वेष्टनांवरील साखरेचे आकडे वहीत उतरवून घ्या आणि अख्ख्या बाटलीतली साखर काढून वर्गात सांगा.